अभयारण्यांतील चाकोरी

दक्षिण आफ्रिकेंत व तिच्या शेजारच्या देशांत वन्य पशूंसाठीं राखून ठेविलेलीं जीं विस्तीर्ण रानें आहेत, त्यांपैकीं कांहींत हिंडण्याचा एक नवा प्रकार गेल्या कांहीं दशकांत रूढ झाला आहे. क्वाड बाइक नांवाचें एक वाहन असतें. मोटर-सायकलीप्रमाणें त्यावर टांग टाकून बसावयाचें, दोन्ही हातांनीं दांडा धरावयाचा आणि उजव्या अंगठ्यानें कळ दाबून वेग वाढवावयाचा. मात्र याचीं चाकें दोन नसून चार असतात, आणि तीं रुंद व फुगीर असतात. १९७० च्या सुमारास जपानी कारखानदारांनीं प्रथम या जातीचें तीन चाकांचें वाहन विकावयास काढलें. तें वळणावर सहज उलटे. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत चार चाकांचें वाहन त्याच्या जागीं आलें. दूरवर पसरलेल्या कुरणांतून मेंढरांमागें हिंडणाऱ्या शेतकऱ्यांस तें सोईचें वाटलें. पुढें तें हौशी प्रवाशांच्या हातीं आलें. आतां जिराफ, झेब्रे आणि नाना जातींचीं हरिणें ज्या रानांत चरतात, तेथें पांचसहा जणांची टोळी एकामागून एक अशीं हीं यंत्रें हांकीत तास-दोन तास हिंडून येते, आणि या हिंडण्यास रानाचा शोध असें नांव दिलें जातें. मुंबई-पुण्याकडील सुखवस्तु कुटुंबेंही हल्लीं सुट्टींत आफ्रिकेस जाऊं लागलीं आहेत; तेव्हां हा विषय केवळ परक्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

या प्रकारासंबंधानें दोन टोकांचीं मतें संभवतात. एक पक्ष म्हणेल, यंत्राचा आवाज रानांत नेणें हेंच पाप. दुसरा म्हणेल, ज्यानें पैसे मोजले व ज्यास परवानगी मिळाली, त्यानें कसें हिंडावें हा त्याचा प्रश्न. आम्हांस हीं दोन्ही मतें उथळ वाटतात. पहिलें मत वस्तुस्थिति पाहत नाहीं, आणि दुसरें परवानगी व औचित्य यांतील भेद पुसून टाकतें. परवानगी कशाची आहे हें त्या त्या रानाचे नियम सांगतील. औचित्याचा निर्णय मात्र ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो, आणि तो कोणत्या कसोटीवर करावा एवढाच विचार येथें योजिला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. अशा रानास इंग्रजींत जें नांव आहे, त्याचा सरळ अर्थ शिकारीच्या जनावरांची राखीव जागा असा होतो. या नांवांत इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकांत बंदुकांनीं दक्षिण आफ्रिकेंतील पशूंचे कळप झपाट्यानें विरळ केले, तेव्हां उरलेलीं जनावरें अगदींच नाहींशीं होऊं नयेत म्हणून ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या सरकारनें १८९८ सालीं साबी नदीकांठचें रान राखून ठेविलें. १९२६ सालीं त्याच रानाचा विस्तार होऊन क्रूगर राष्ट्रीय उद्यान झालें. आज त्याचें क्षेत्र सुमारें एकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या भाषेनें अशा रानास अभयारण्य म्हटलें. या नांवांत शिकारीची आठवण नाहीं, वचन आहे. अन्न, वस्त्र, द्रव्य यांच्या दानापेक्षां अभयदान आपल्या परंपरेनें थोर मानिलें, याचें कारण उघड आहे. इतर दानांत देणारा आपल्याजवळची एखादी वस्तु देतो. अभय देणारा स्वतःच्या हातपायांवर बंधन घालून घेतो. म्हणून अभयारण्याच्या वेशींतून आंत शिरतांना, आपण कोणतें बंधन स्वतःवर घालून घेतलें आहे, हा प्रश्न प्रत्येक पाहुण्यानें स्वतःस विचारणें प्राप्त आहे.

क्रूगर उद्यानानें या प्रश्नाचें जें उत्तर दिलें तें विचार करण्याजोगें आहे. तेथें प्रवाशांच्या मोटारी प्रथम १९२७ सालीं शिरल्या. त्या वर्षीं त्यांची संख्या अवघी तीन होती. पुढें ती हजारांनीं, लाखांनीं वाढली, तसे नियमही वाढले. डांबरी रस्त्यावर ताशीं पन्नास किलोमीटरहून व कच्च्या रस्त्यावर चाळीसहून अधिक वेग घेऊं नये. नेमून दिलेल्या जागेखेरीज गाडींतून उतरूं नये. अंग खिडकीबाहेर काढूं नये. रस्ता सोडून गाडी रानांत घालूं नये. मोटर-सायकलीस तेथें प्रवेश नाहीं. या नियमांचा मुख्य हेतु माणसाचें रक्षण हा असला, तरी त्यांतून एक नैतिक व्यवस्थाही आपोआप निर्माण झाली आहे. प्राणिसंग्रहालयांत पशु पिंजऱ्यांत असतो व माणूस मोकळा असतो. येथें माणूस लोखंडी पेटींत बसतो आणि पशु मोकळा असतो. मोटार येथें वेगाचें साधन राहिलेली नाहीं, ती पाहुण्यानें पत्करलेली कैद झाली आहे. ती हळू चालते, ठरल्या वाटेनें चालते. म्हणूनच तिच्यापासून अपाय नाहीं हें जनावरें हळूहळू शिकलीं, आणि तिच्या सावलींत सिंह झोंप घेऊं लागले.

क्वाड बाइकवर बसणारा मनुष्य या पेटींतून बाहेर आलेला असतो. त्याच्या सभोंवतीं कांच नाहीं, पत्रा नाहीं. अर्थातच जेथें सिंह, हत्ती, रानम्हैस असे प्राणी मोकळे हिंडतात, तेथें असें वाहन नेणें जिवावरचें काम होय. म्हणून क्वाड बाइकच्या सफरी बहुधा अशाच खासगी रानांत किंवा रानाच्या अशाच भागांत चालतात, कीं जेथें हे प्राणी नसतात आणि उरतात ते जिराफ, झेब्रे व हरिणें. व्यवहारदृष्ट्या ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ काय होतो तोही पाहावा. जो प्राणी आपणांस भय घालूं शकतो, त्याच्या घरीं आपण हळू व नम्रपणें जातों. ज्याच्यापासून आपणांस भय नाहीं, त्याच्या घरीं मात्र धुरळा उडवीत जातों. सौजन्य जर समोरच्याच्या नखांवर अवलंबून असेल, तर त्यास सौजन्य कसें म्हणावें? नीतीची परीक्षा बलवानापुढें होत नसते. तेथें शहाणपण आपणहून सुचतें.

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. पायीं जाणारा मनुष्य तरी निरुपद्रवी आहे काय? ज्या झेब्र्यांनीं मोटारीकडे मान वर करून पाहिलें नाहीं, तेच झेब्रे मोटारींतून मनुष्य खालीं उतरतांच पळत सुटतात, हें आफ्रिकेंत गेलेल्या कोणीही पाहिलेलें असतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याहूनही बोलका आहे. क्रूगर उद्यान व त्यास लागून असलेलीं रानें यांतील पाणवठ्यांवर संशोधकांनीं आपोआप चालणारीं ध्वनियंत्रें ठेविलीं. त्यांतून कधीं सिंहाचा गुरगुराट, कधीं बंदुकीचे व कुत्र्यांचे आवाज, तर कधीं माणसांचें साधें, शांत संभाषण ऐकविलें. एकोणीस जातींच्या प्राण्यांचें वर्तन तपासलें, तेव्हां जवळजवळ सर्व जातींचे प्राणी सिंहाच्या आवाजापेक्षां माणसाच्या बोलण्यास अधिक भ्याले आणि पाणी टाकून अधिक लवकर निघून गेले, असें आढळलें. केवळ भयाचाच हिशेब करावयाचा तर पादचाऱ्यानें क्वाड बाइकवाल्यास नांवें ठेवूं नयेत, हें आम्ही मान्य करतों.

परंतु या प्रयोगापासून निघणारें अनुमान निराळें आहे. वेशीवर पाटी लावल्यानें अभय दिलें गेलें असें होत नाहीं. राखीव रानांतही आपला नुसता शब्द सिंहाहून भयंकर वाटतो, इतकें आपलें ऋण जुनें आहे. अशा वेळीं पाऊल आणि यंत्र यांत अधिक दोषी कोण हें मोजीत बसण्यापेक्षां, ज्यास आपलें ऋण ठाऊक आहे तो कसा वागेल हें पाहणें अधिक उपयोगाचें. असा मनुष्य पायीं गेला तरी वाऱ्याची दिशा पाहून जाईल, दूर थांबेल, कळप विचलित झालेला दिसतांच मागें सरेल. पाऊल थांबूं शकतें, मागें येऊं शकतें, आणि थांबल्यावर तें निःशब्द होतें. क्वाड बाइकवरील मनुष्यासही थांबतां येतें, हें खरें. पण मग त्याची हौस थांबते. कारण थांबण्यासाठीं तो त्या वाहनावर बसलेला नसतो.

येथें आपण प्रश्नाच्या गाभ्याशीं येतों. रानाचा शोध घेणें म्हणजे काय? दक्षिण आफ्रिकेच्या सखल प्रदेशांतील शांगान वाटाडे किंवा कालाहारींतील सान लोक जमिनीकडे पाहून जें वाचतात, तें आठवावें. मागाची कड अजून धारदार आहे कीं वाऱ्यानें ढासळली आहे. त्यावरून रात्रींचा किडा चालून गेला आहे कीं नाहीं. दवानें भिजलेलें गवत कोणीकडे वांकलें आहे. शेण ओलें आहे कीं वाळलें. म्हशी-गेंड्यांच्या पाठीवर बसून गोचीड टिपणारा पक्षी अकस्मात् ओरडला, म्हणजे पुढच्या झुडपांत कोण असावें हें त्यांस न पाहतांच कळतें. हें वाचन डोळा, कान, नाक आणि तळपाय या सर्वांनीं मिळून होत असतें. आतां क्वाड बाइक हांकणाऱ्याची अवस्था पाहा. त्याचे डोळे पुढच्या खळग्यावर खिळलेले, कारण ते ढळले तर वाहन उलटेल. कानांत यंत्राची घरघर. नाकांत तेलाचा वास व पुढच्या गाडीची धूळ. पायांखालीं माती नाहींच. यांत त्याचा दोष नाहीं, वाहनाचा तो धर्मच आहे. तें आपल्या स्वाराचें सर्व लक्ष स्वतःकडे ओढून घेतें. म्हणून त्यावर बसून जर कशाचा शोध लागत असेल, तर तो स्वतःच्या धाडसाचा व तोल सांभाळण्याच्या कौशल्याचा. हा आनंद हीन नव्हे. तरुण रक्तास तो हवासा वाटावा यांत नवल नाहीं. प्रश्न एवढाच, कीं त्यासाठीं झेब्र्याची काय गरज होती? ज्या खेळांत रान हें केवळ पडद्यावरचें चित्र ठरतें, तो खेळ रानाबाहेरच्या एखाद्या माळावरही तितकाच रंगेल.

वेगाच्या आनंदाचा आपल्या वाङ्मयानें तिरस्कार केलेला नाहीं. शाकुंतलाचा पहिला अंक ज्यांनीं वाचला आहे त्यांस दुष्यंताच्या रथाचा वेग आठवेल. त्या वेगानें भोंवतालचा देखावा कसा पालटत जातो, याचें राजा स्वतः कौतुक करतो, आणि कवि त्या कौतुकांत मनापासून रंगतो. पुढें पळणारें हरिण आश्रमाचें आहे असें तापस सांगतात, तेव्हां राजा बाण परत घेतो. येथपर्यंतची कथा सर्वांस ठाऊक असते. परंतु आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा लहानसा प्रसंग. तपोवन जवळ येतांच आश्रमवासीयांस उपद्रव होऊं नये म्हणून राजा रथ थांबवितो, खालीं उतरतो, अलंकार व धनुष्य सारथ्याच्या स्वाधीन करतो आणि साध्या वेषानें पायीं आंत जातो. रथ बाहेर ठेव असें त्यास कोणीही सांगितलेलें नव्हतें. तो राजा होता; सारें अरण्य त्याच्याच राज्यांतलें होतें. बाण परत घेणें हा धर्माचा नियम होता, तो दुसऱ्यानें सांगितला व त्यानें पाळला. रथांतून उतरणें हें औचित्य होतें, तें त्याचें त्यास सुचलें. न मारणें एवढ्यानेंच अभय पुरें होत नाहीं. आपला थाटमाट, आपला खडखडाट दारांत ठेवून जाणें हेंही त्याचेंच अंग आहे.

क्वाड बाइकच्या बाजूनें सर्वांत बळकट उदाहरण कोणतें, तेंही पाहिलें पाहिजे. बोट्स्वाना देशांत माकगाडिकगाडी नांवाचीं प्रचंड खारपटणें आहेत. कोणे एके काळीं तेथें मोठें सरोवर होतें. तें आटून हजारों चौरस किलोमीटर पांढरी, सपाट, क्षारयुक्त भूमि उरली. तिच्या कांहीं भागास व लगतच्या गवताळ मुलुखास १९७० सालीं राखीव रानाचा दर्जा मिळाला व १९९२ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें. कोरड्या ऋतूंत या खारपटणावर गवताची काडी नसते, कीं जनावर नसतें. वरचा पापुद्रा कोरडा व आंत चिखल असल्यामुळें जड मोटारी रुततात. रुंद चाकांची हलकी क्वाड बाइक मात्र निभावून जाते. वाटाडे प्रवाशांस तोंडाला फडकें बांधावयास लावून, एकामागून एक, एकाच जुन्या चाकोरींतून नेतात. मध्येंच यंत्रें बंद करून सर्वांस थांबवितात. ज्या शांततेंत स्वतःच्या श्वासाखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं, अशा शांततेंत क्षणभर उभें राहण्यासाठीं तेथवर जाणें, आणि जाण्यास दुसरें साधन नसणें, हें आम्हांस अनुचित वाटत नाहीं. येथें यंत्र हें वाहन आहे. तें पोंचवितें आणि मग गप्प बसतें.

पण त्याच खारपटणाची दुसरी गोष्टही ध्यानांत ठेविली पाहिजे. वरचा पापुद्रा एकदां फुटला कीं चाकांचा माग वर्षानुवर्षें दिसत राहतो. पावसाळ्यांत हींच खारपटणें उथळ पाण्यानें भरतात, आणि ज्यांस आपण रोहित पक्षी म्हणतों त्या फ्लेमिंगोंचे थवेच्या थवे पूर्वेकडच्या सुआ खारपटणावर विणीसाठीं उतरतात. निर्जीव दिसणारी भूमि ही अशी केवळ निजलेली असते. नामिबियांतील किनाऱ्यालगतच्या खडेमाळांची गत याहून नाजूक आहे. तेथें समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगणारें शैवाकासारखें दगडफूल जमिनीस चिकटून वाढतें. त्यावरून एकदां चाक गेलें कीं तो ओरखडा दशकानुदशकें भरून येत नाहीं. हांकणाऱ्यास वाटतें, आपण चाकोरीबाहेर पडलों. वास्तविक त्यानें नवी चाकोरी पाडलेली असते, आणि मागून येणाऱ्यास ती बोलावीत असते. एकाच्या हातून होणारी हानि थोडी असेल. त्याच्या मागाचें आमंत्रण थोडें नसतें.

आणखी एक पूर्वपक्ष पैशाचा. प्रवाशी आले नाहींत तर रखवालदारांचा पगार कोठून द्यावा, कुंपणें कशीं राखावीं, चोरट्या शिकाऱ्यांस कसें आवरावें? हें खोटें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नाचा मोठा भाग प्रवाशांकडूनच येतो. पण देवळास देणगी दिली म्हणून गाभाऱ्यांत पायताणें घालून जाण्याचा हक्क कोणी मागत नाहीं. देणगी ज्या वस्तूच्या रक्षणासाठीं दिली, तिचीच मर्यादा मोडण्याचा परवाना त्या देणगीनें कसा मिळावा?

शिवाय या रानांसाठीं सर्वांत मोठी किंमत प्रवाशांनीं दिलेली नाहीं. साबीच्या रानाचे पहिले प्रमुख रक्षक स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९०२ सालीं आले व १९४६ पर्यंत त्यांनीं तें रान सांभाळलें. तेथल्या लोकांनीं त्यांस स्कुकुझा असें नांव दिलें, त्याचा अर्थ झाडून साफ करणारा असा सांगतात. कारण रान राखण्यासाठीं त्यांनीं त्यांतील वस्त्या हलविल्या. उद्यानांतील मुख्य मुक्कामाच्या जागेस आज तेंच नांव आहे. बोट्स्वानांतील मध्य कालाहारीचें रान १९६१ सालीं राखलें गेलें, आणि पुढें १९९७ व २००२ सालीं तेथल्याच सान लोकांस त्यांतून बाहेर काढलें; त्यांस हलविणें बेकायदा होतें असा निवाडा मिळण्यास २००६ साल उजाडावें लागलें. क्रूगरच्या उत्तर टोंकास लिंपोपो व लुवुव्हू या नद्यांच्या मध्यें माकुलेके लोक राहत. १९६९ सालीं त्यांस तेथून उठविलें. १९९८ सालीं ती जमीन त्यांस परत मिळाली. नांगर घेऊन, गुरें घेऊन, तेथें पुन्हां घरें बांधावयास जाण्याचा त्यांचा हक्क आपल्या कोणाहीपेक्षां मोठा होता. तथापि तें रान वन्य पशूंसाठींच राखावें आणि प्रवाशांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर आपण संतोष मानावा, असा करार त्यांनीं केला. ज्यांचें तें घर होतें ते वेशीबाहेर थांबले. ज्यांचें तेथें कांहींच नव्हतें, त्यांनीं आपल्या करमणुकीचा एक प्रकार वेशीबाहेर ठेवावा, ही अपेक्षा फार मोठी म्हणतां येईल काय?

चाकांचा सरसकट निषेध करण्याचा आमचा हेतु नाहीं. चोरट्या शिकाऱ्याच्या पाठलागास निघालेला रखवालदार ज्या वाहनावर जाईल तें योग्यच आहे. ज्या वृद्धास चालवत नाहीं, ज्याचे पाय अधू आहेत, त्याच्यासाठीं मोटार हेंच पाऊल होय. उघड्या गाडींत शांतपणें बसून त्यानें रान पाहिलें तर त्यानें कोणाचा अपराध केला? भेद वाहनावाहनांत नाहीं, तें ज्याच्या सेवेस लाविलें त्या हेतूंत आहे. म्हणून कसोटी सोपी आहे. त्या यंत्रावर बसण्यापूर्वीं ज्यानें त्यानें मनाशीं विचारावें, कीं हें यंत्र काढून घेतलें आणि नुसतें रान उरलें, तर आपण येथें थांबूं काय? याचें उत्तर होय असेल, तर यंत्राचा उपयोग गरजेपुरता, ठरल्या चाकोरीनें, हळू करावा आणि जेथें उतरतां येईल तेथें उतरावें. याचें उत्तर नाहीं असें असेल, तर प्रामाणिकपणें दुसऱ्या माळावर जावें. तेथेंही धूळ पुष्कळ आहे, वेगही मनसोक्त घेतां येईल, आणि मान वर करून कान टवकारणारें कोणी नसल्यामुळें कोणास दिलेलें वचनही मोडणार नाहीं.